खुराड्यातील ठेव

(व्याख्यानमालेतील भाषणाचे संपादित शब्दांकन)



फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरचे नाव देशभर झाले. भारतातील पहिला बर्ड फ्लू तेथे आढळला आणि लाखो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. फेब्रुवारी २०२१ मध्ये तीच आपत्ती तेथे पुन्हा ओढवली. महाराष्ट्र-गुजरात सीमेवरील हाच टापू ‘बुसरा’ या देशी कोंबडीचे माहेर आहे.

‘गावरान कोंबडीला काही होत नाही,’ असे आपण अभिमानाने म्हणतो. हे अर्धसत्य आहे. बर्ड फ्लूपुढे कोणताच वाण अभेद्य नाही. मानमोडीची साथ आली की वस्तीवरील खुराडी बघता बघता ओस पडतात. कुमाऊंमधील ज्या गावी १९२७ मध्ये या रोगाची नोंद झाली, त्याच्याच नावाने आपण त्यास ‘रानीखेत’ म्हणतो.

मग देशी वाणाचे बळ कशात आहे? ते वैविध्यात आहे. कोंबडीच्या सोळाव्या गुणसूत्रावर जनुकांचा एक लहानसा समूह असतो. त्यास ‘बी-संकुल’ म्हणतात. शरीरात शिरलेल्या विषाणूचे अंश पेशीच्या पृष्ठभागावर मांडून ‘हा परका आहे’ अशी ओळख संरक्षक पेशींना पटविणे, हे त्याचे कार्य. या संकुलाचे अनेक प्रकार आहेत. ‘बी-२१’ प्रकाराचे पक्षी मॅरेक्स रोगाशी चांगली झुंज देतात. ‘बी-१९’ प्रकाराचे सहज बळी पडतात. मात्र एका रोगावर उपयोगी ठरलेला प्रकार दुसऱ्या रोगावर तारेलच असे नाही. म्हणूनच कळपात अनेक प्रकार नांदत असतील, तर साथीतही काही पक्षी तगून राहण्याची आशा असते. सारे एकाच साच्याचे असतील, तर एक साथ सर्वांना घेऊन जाऊ शकते.

अंडी आणि वजन यांच्यामागे लागून व्यावसायिक वंशांनी हीच ठेव गमावली. मूळ वैविध्यापैकी निम्मे वा त्याहून अधिक त्या वंशांत उरलेले नाही, असे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात दिसून आले. आपल्याकडील असील, कडकनाथ, निकोबारी, बुसरा या वाणांचे मोल यावरून ध्यानी यावे. झाबुआच्या कडकनाथला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन लाभले, ही आनंदाची गोष्ट. परंतु मानांकन बाजारपेठ मिळवून देते, वैविध्य नव्हे. मोजक्याच नर-मादींपासून हजारो पिल्ले काढली, तर नाव देशी राहील आणि आतून वाण पोकळ होईल.

करावयाचे काय? एकच कोंबडा वर्षानुवर्षे ठेवू नये; तो आपल्याच लेकींशी जोडला जातो. दुसऱ्या गावातील त्याच वाणाच्या कोंबड्याशी अदलाबदल करावी. गिरिराज, वनराज जरूर पाळावेत, पण देशी कळपात मिसळू देऊ नयेत. आणि लस टाळू नये: पहिल्या आठवड्यात लासोटा, पुढे आठव्या आठवड्याच्या सुमारास आर-टू-बी. देशी म्हणून लस नको, हा अभिमान नव्हे, हेळसांड आहे.

पाड्यावरील माउलीच्या घरी मुलाची वही आणि आजारपणातील औषध याच खुराड्यातून येते. तिचे खुराडे भरलेले राहील, तरच वाण राहील. नुसत्या गौरवाने कोणतीही परंपरा टिकत नाही. तिला रोज दाणा-पाणी द्यावे लागते.