चष्म्याआडचे सामर्थ्य
(देवर्षी नारद जयंतीनिमित्त हमरापूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



नारद जयंतीच्या सभेत सुपरमॅनचे नाव कशासाठी, असे ज्येष्ठांना वाटेल. पण समोर बसलेल्या बालमित्रांना तो चांगला परिचित आहे. तो आकाशात उडतो, हे ते तत्काळ सांगतील. मात्र एरवी तो काय काम करतो? तो वार्ताहर आहे. १९३८ साली अमेरिकेत जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन तरुणांनी ही चित्रकथा निर्माण केली. अशा महाबली वीराला त्यांनी राजा केले नाही, सेनापतीही केले नाही. चष्मा लावून वृत्तपत्राच्या कचेरीत बसविले. कारण संकटाची वार्ता प्रथम तेथे येते. अन्याय कोठे घडतो आहे हेच कळले नाही, तर बाहुबळ काय कामाचे?

आपल्या परंपरेला हा विचार नवा नाही. देवर्षी नारदांच्या हाती शस्त्र नव्हते, वीणा होती. तरीही देव आणि दैत्य या दोहोंच्या सभेत त्यांना मुक्त प्रवेश होता. त्यांची वार्ता लोककल्याणासाठी होती.

याच रायगडाच्या भूमीत, महाड येथे १८६४ साली शिवराम महादेव परांजपे जन्मले. १८९८ साली त्यांनी ‘काळ’ साप्ताहिक काढले. परकीय सत्तेविरुद्ध उघड लिहिणे अशक्य, म्हणून शिवरामपंतांनी वक्रोक्तीचा वेष धारण केला. वरवर स्तुती, आत जळजळीत उपरोध! वाचकाला मर्म कळे, सरकारला शब्द पकडता येत नसे. अखेर १९०८ साली राजद्रोहाच्या आरोपाखाली त्यांना एकोणीस महिन्यांची शिक्षा झाली. चित्रकथेतील वीराला गोळी लागत नाही. शिवरामपंतांना कारावास लागला. म्हणूनच ते अधिक थोर.

पुढे २०१२ साली चित्रकथाकारांनी सुपरमॅनला नोकरीचा राजीनामा द्यायला लावले. वृत्तपत्र हे करमणुकीचे दुकान झाले, ही त्याची तक्रार होती. आपण ती हसण्यावारी नेऊ नये.

कारण प्रश्न हमरापूरचाही आहे. गणेशोत्सव जवळ आला की कॅमेरे येथे येतात, रंगीत मूर्ती टिपतात आणि परततात. २०२० साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली. पुढे हा विषय उच्च न्यायालयात गेला. जलाशयांचे रक्षण झालेच पाहिजे, यात दुमत नाही. परंतु शाडूची मूर्ती वाळायला किती दिवस लागतात, कारखान्यासाठी काढलेल्या कर्जाचा हप्ता कसा फेडायचा, पावसाळी हवेत माल कोठे ठेवायचा, हे कोण लिहिणार? मुंबईत बसून ते लिहिता येणार नाही. ते येथल्या मुलामुलींनीच लिहावे. आपल्या बाजूचे तेवढेच नव्हे, आपल्या चुकाही लिहाव्यात. तरच आपल्या शब्दाला वजन येईल.

मूर्ती कितीही सुबक असो, डोळ्यांची आखणी झाल्यावाचून तिच्यात तेज येत नाही, हे आपण मला सांगायला हवे, मी आपल्याला नव्हे. समाजाचे डोळे म्हणजे वार्ताहर. त्या आखणीला हात कापून चालणार नाही.