दाता, निधी आणि मधला द्वारपाल
(वार्षिक मेळाव्यातील भाषण)



आपल्या विद्यार्थी-साहाय्य निधीकरिता मोबाइलवर स्वतंत्र ॲप काढावे, अशी सूचना तरुण मंडळींनी यंदा मांडली आहे. हेतू स्तुत्य आहे. परंतु ॲप काढणे म्हणजे दानपेटी आपल्या देवळात ठेवणे नव्हे. ती दुसऱ्याच्या ओसरीवर ठेवणे होय, आणि ओसरीचे नियम मालकाचे असतात. ते कसे आहेत हे आम्ही समजून घेतले, तेच आपणांपुढे मांडतो.

जानेवारी २०१० मध्ये हैती देशात भयंकर भूकंप झाला. त्या वेळी अमेरिकन रेड क्रॉसने एक सोपी युक्ती योजिली. मोबाइलवरून एका शब्दाचा संदेश धाडावा आणि दहा डॉलर दात्याच्या फोनच्या बिलात चढावेत. अशा दहा-दहा डॉलरांतून ३ कोटी २० लाख डॉलरांहून अधिक रक्कम उभी राहिली. मन द्रवले त्याच क्षणी हात पुढे करता आला, हे त्याचे रहस्य.

त्याच वर्षी आयफोन काढणाऱ्या ॲपल कंपनीचा निराळा दंडक चर्चेचा विषय झाला. धर्मादाय संस्थेने ॲप खुशाल काढावे, पण देणगी ॲपच्या आत घेऊ नये. दात्यास बाहेर संकेतस्थळावर पाठवावे किंवा संदेशाद्वारे रक्कम घ्यावी. म्हणजे दात्याने ॲप सोडावयाचे, दुसरे पान उघडावयाचे, कार्डावरील लांबलचक आकडे भरावयाचे. इतक्यात चहा येतो, दाराची घंटा वाजते आणि देणगी राहून जाते! उलट खेळातल्या खोट्या तलवारीसाठी खऱ्या पैशांची नाणी एका स्पर्शासरशी विकत मिळत, आणि त्या विक्रीत कंपनीचा रिवाजाचा वाटा शेकडा ३० होता. ह्या दोन गोष्टींचा संबंध आम्ही जोडीत नाही. ज्याने त्याने जोडावा.

कंपनीची बाजूही ऐकली पाहिजे. संकटाच्या नावाने पैसे गोळा करणारे भोंदू सर्वत्र असतात, आणि रक्कम गरजूंपर्यंत पोहोचली की नाही ह्याची हमी भांडारवाल्याने कशी द्यावी? शंका रास्त आहे. पण भोंदूंच्या भयाने सज्जनांची वाट लांब करणे, हा उपाय आम्हांस पटत नाही.

नोव्हेंबर २०१६ मध्ये कंपनीने दार किलकिले केले. मान्यता मिळविलेल्या संस्थांस ॲपल पे ह्या साधनाने ॲपमध्येच देणगी घेता येऊ लागली. मान्यता नसलेल्यांस मात्र जुनाच नियम राहिला. ॲप विनामूल्य हवे आणि पैसा बाहेरून घ्यावा. अनेक संस्थांसाठी एकत्र निधी जमविणारे ॲप असेल, तर त्यातील प्रत्येक संस्थेस मान्यता हवी. मोठ्या संस्थांजवळ ह्या खटपटीसाठी पगारी माणसे असतात; आपल्यासारख्या मंडळाजवळ चिटणीस आणि त्यांची फुरसत, एवढेच भांडवल. गूगलचे भांडार करमुक्त धर्मादाय संस्थांच्या देणग्यांबाबत पुष्कळ सैल आहे. तथापि आपले सभासद दोन्ही प्रकारचे फोन वापरतात.

म्हणून आमचे मत असे की, तूर्त ॲपच्या भरीस पडू नये. आपल्या देशात २०१६ पासून यूपीआयची सोय आहे. निधीच्या बँकखात्याचा क्यूआर कोड स्मरणिकेच्या पानावर छापला, तर पैसा दात्याच्या खात्यातून थेट निधीच्या खात्यात येतो. ओसरीवाल्याचे आर्जव करावे लागत नाही.

परंतु भोंदूंची शंका तेथेही उरतेच. छापील कोडावर दुसराच कोड चिकटवून पैसे लुबाडल्याचे प्रकार घडलेले आहेत. तेव्हा परवलीचा आकडा दाबण्यापूर्वी पडद्यावर निधीचेच नाव उमटते की नाही, हे प्रत्येकाने पाहावे. कोषाध्यक्षांनी आठ दिवसांत पावती धाडावी आणि जमाखर्च दर तिमाहीस सभासदांपुढे ठेवावा. मुलांची प्रवेशशुल्के जूनमध्ये भरावी लागतात. कोड त्यापूर्वी घरोघर पोहोचला पाहिजे. उद्याच्या सर्वसाधारण सभेत आम्ही तसा ठराव मांडणार आहोत. ॲपच हवे असे ज्यांस वाटते, त्यांनी तेथे आपली बाजू अवश्य मांडावी.