मेजर व्हर्जन ६१: हा एरर नक्की देतंय कोण?

आजच्या भागात नंबर आणि व्हर्जन बरीच येणार आहेत. बसमध्ये उभं राहून ऐकत असाल तर लिहून घ्यायच्या भानगडीत पडू नका, सगळं इथे ट्रान्सक्रिप्टमध्ये आहेच.

विषय आहे जावा ८ वरून जावा १७ वर जाणं. कोडबद्दल मी फार बोलणार नाही. कोड बहुतेक वेळा गुपचूप चालतो. रडतात ती आजूबाजूची टूल्स: ग्रेडल, मेवन, जेनकिन्स, डॉकर. आणि नवीन मुलामुलींच्या गळ्यात हे टिकेट पडतं तेव्हा त्यावर एस्टिमेट असतं दोन दिवस. मॅनेजरच्या डोक्यात चित्र असं की बिल्ड फाइलमध्ये जिथे १.८ लिहिलंय तिथे १७ लिहायचं, झालं काम. तिसऱ्या दिवशी स्टँडअपमध्ये मान खाली घालून ‘अजून चालू आहे’ म्हणायची वेळ तुमच्यावर येते. यात तुमचा काही दोष नसतो, पण हे समोरच्याला पटवायचं तर आत काय चाललंय ते नीट सांगता आलं पाहिजे.

आधी हे टिकेट येतंच का ते बघू. जावा ८ आला मार्च २०१४ मध्ये. दणकट निघाला, म्हणून लोक त्यावरच राहिले. पण नोव्हेंबर २०२२ मध्ये स्प्रिंग बूट ३ आलं आणि त्याला कमीत कमी जावा १७ लागतो. जुन्या २.७ चा मोफत सपोर्ट नोव्हेंबर २०२३ मध्ये संपला. म्हणजे सिक्युरिटी पॅच हवेत तर हलावंच लागतं.

आमचं प्रॉडक्ट सहकारी पतसंस्थांसाठी आहे. खाती, कर्ज, पिग्मी, सगळं. ग्रेडल, स्प्रिंग बूट, जेनकिन्स, डॉकर असा नेहमीचाच संसार. आम्ही जावा १७ लावला आणि पहिला एरर आला: ‘अनसपोर्टेड क्लास फाइल मेजर व्हर्जन ६१’.

हा ६१ काय आहे? जावाची प्रत्येक कंपाइल झालेली फाइल आपल्या पोटात एक नंबर घेऊन फिरते. जावा ८ चा ५२, ११ चा ५५, १७ चा ६१, २१ चा ६५. नंबरातून ४४ वजा करा, जावाचं व्हर्जन मिळतं. म्हणजे एरर इतकंच म्हणतोय की ‘मला १७ ची फाइल दिलीत, मला ती वाचता येत नाही.’

पण हा ‘मला’ म्हणजे कोण? इथेच लोकांचे दिवसच्या दिवस जातात. हेच वाक्य, अक्षरशः हेच, तीन वेगवेगळ्या तोंडांतून येऊ शकतं. पहिलं तोंड ग्रेडलचं. ग्रेडल स्वतः जावावर चालतं, आणि बिल्ड डॉट ग्रेडल ही फाइल ग्रूव्ही भाषेत असते. जुन्या ग्रेडलमधल्या ग्रूव्हीला १७ समजत नाही. जावा १७ वर चालणारं पहिलं ग्रेडल म्हणजे ७.३. दुसरं तोंड जॅकोकोचं, म्हणजे टेस्ट कव्हरेज मोजणारं टूल. ते तुमच्या क्लास फाइल उघडून त्यात स्वतःचे मोजमापाचे कोड घुसवतं, त्यामुळे त्याला फॉरमॅट कळावाच लागतो. १७ साठी ०.८.८ घ्या. तिसरं तोंड जुन्या स्प्रिंगचं. ॲप सुरू होताना ते क्लास फाइल वाचत कॉम्पोनंट शोधतं आणि तिथेच अडकतं.

त्यामुळे गुगलवर नुसतं ते वाक्य टाकलंत तर तीन प्रकारची उत्तरं मिळणार आणि तिन्ही बरोबर असणार, फक्त तुमच्यासाठी नाही. वाक्याच्या वरची-खालची ओळ वाचा. ‘कुड नॉट कंपाइल बिल्ड फाइल’ असेल तर ग्रेडल. ‘एरर व्हाइल इन्स्ट्रुमेंटिंग’ असेल तर जॅकोको. ‘फेल्ड टू रीड कँडिडेट कॉम्पोनंट क्लास’ असेल तर स्प्रिंग.

ह्याची एक चुलत बहीण आहे, ‘अनसपोर्टेड क्लास व्हर्जन एरर’. ती म्हणते, ही फाइल ६१ ची आहे आणि मी ५२ पर्यंतच ओळखते. म्हणजे बिल्ड १७ वर झालं, पण चालवणारा जावा अजून ८ च आहे. टर्मिनलवर ‘जावा डॅश व्हर्जन’ १७ दाखवतो आणि तरी हा एरर येतो, असं म्हणणारे खूप भेटतात. कारण टर्मिनल ‘पाथ’मधला जावा दाखवतो आणि मेवन बघतं ‘जावा होम’. म्हणून ‘एमव्हीएन डॅश व्हर्जन’ चालवा, ते कुठला जावा वापरतंय ते स्वतःच सांगतं. ग्रेडलमध्ये ‘ग्रेडल डब्ल्यू डॅश डॅश व्हर्जन’. आमच्या पाइपलाइनच्या अगदी पहिल्या स्टेपमध्ये आता हीच कमांड आहे. एका ओळीचा लॉग, पण अर्धे वाद तिथेच मिटतात.

ग्रेडल ७ वर गेलात की पुढचं दुखणं येतं. जुन्या बिल्ड फाइलमध्ये लायब्ररीच्या आधी ‘कंपाइल’ लिहिलेलं असतं. ते ग्रेडल ७.० मध्ये काढून टाकलं, आता ‘इम्प्लिमेंटेशन’ लिहायचं. जार अपलोड करणारं जुनं ‘मेवन’ प्लगइनही गेलं, ‘मेवन पब्लिश’ आलं. मग लॉम्बॉक. ते कंपायलरच्या आतल्या खोलीत हात घालतं, आणि १७ ने त्या खोलीला कुलूप लावलंय, त्यामुळे १.१८.२२ च्या खालचं लॉम्बॉक बिल्डच पाडतं. हे सगळं त्रासाचं असलं तरी बरं, कारण ते तोंडावर पडतं. लाल बिल्ड दिसतं तरी.

खरी भीती हिरव्या बिल्डची.

आमचं बिल्ड हिरवं झालं, टेस्ट हिरव्या, स्टेजिंगला डिप्लॉय झालं, ॲप सुरूही झालं. आणि लॉगिन होईना. लॉगमध्ये ‘क्लास नॉट फाउंड’, नाव डेटाटाइप कन्व्हर्टर. आमच्या कोडमध्ये हा शब्द शोधला तर कुठेच नाही! तो वापरत होती लॉगिन टोकन बनवणारी जुनी लायब्ररी, जेजेडब्ल्यूटी ०.९.१. हा क्लास जॅक्सबीचा. जावा ८ मध्ये जॅक्सबी घरातच मिळायचं, जावा ११ ने ते घराबाहेर काढलं. लायब्ररीची जार आधीच कंपाइल झालेली, त्यामुळे आमच्या कंपायलरला काही कळायचं कारणच नाही. जावा क्लास शोधतो तो लागेल तेव्हा, आणि तो लागला पहिल्या माणसाने पासवर्ड टाकला तेव्हा. टेस्टमध्ये टोकनचा भाग मॉक केलेला होता. लायब्ररी नवीन घेतली, सुटलं.

हे आधी पकडता येतं. जेडीकेबरोबर ‘जेडेप्स’ नावाचं टूल फुकट येतं. १७ चं जेडेप्स तुमच्या सगळ्या जारवर चालवा, जे क्लास सापडत नाहीत त्यांच्यापुढे ते ‘नॉट फाउंड’ लिहितं. रिफ्लेक्शनने नावाच्या स्ट्रिंगवरून उघडलेले क्लास त्याला दिसत नाहीत, तेवढं सोडून द्या.

रिफ्लेक्शनचं दुखणं वेगळंच. जावा ९ ते १५ पर्यंत आतल्या गोष्टींना हात लावला तर नुसती वॉर्निंग यायची. १६ ने डीफॉल्ट बंद केलं, १७ ने ती जुनी सूट देणारा फ्लॅगच निकामी केला. आता ‘ॲड ओपन्स’ देऊन एकेक पॅकेज उघडावं लागतं. आणि इथे पुन्हा तोच प्रश्न, कोणाला द्यायचं? सर्व्हरच्या स्टार्ट स्क्रिप्टमध्ये दिलंत तर टेस्टला मिळत नाही, कारण मेवन आणि ग्रेडल टेस्ट वेगळ्या जावा प्रोसेसमध्ये चालवतात. कोणीतरी हुशारीने जेनकिन्सच्या मशीनवर सगळ्यांसाठी एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल लावतं, आणि त्याच मशीनवर जावा ८ चे जे जुने जॉब आहेत ते सगळे कोसळतात, कारण ८ ला हा शब्दच माहीत नाही. शेजारच्या टीमचे फोन सुरू होतात.

स्टार्ट स्क्रिप्टवरून आठवलं. त्यात पूर्वी कोणीतरी लिहून ठेवलेले जीसीचे फ्लॅग असतात. ‘प्रिंट जीसी डेट स्टँप्स’ आता चालत नाही, सीएमएस कलेक्टर तर काढूनच टाकलाय. जावा १७ असा फ्लॅग दिसला की सरळ सुरूच होत नाही. एक काढा, मग पुढचा सांगतो. सरकारी कार्यालयात एकेक कागद कमी निघतो ना, तसं.

आता जे सगळ्यात जास्त मनाला लागलं ते सांगतो. यात एररच नव्हता.

जावा बदलला म्हणून डॉकरची बेस इमेजही बदलावी लागली. डॉकर हबवरची जुनी ‘ओपनजेडीके’ इमेज २०२२ मध्येच डेप्रिकेट झालीय, तिचा १७ चा टॅग १७.०.२ वर थांबलाय. म्हणून ती नवीन म्हणून घेऊ नका, ‘एक्लिप्स टेमुरिन’ घ्या. आमच्याकडे इन्फ्रा टीमने स्वतःची एक छोटी इमेज बनवली होती. छान, हलकी. फक्त जुन्या इमेजमध्ये ‘लँग’ नावाचं व्हेरिएबल सेट होतं, नव्यात नव्हतं.

जावा १७ पर्यंत, तुम्ही कॅरॅक्टर सेट सांगितला नाहीत तर जावा तो मशीनच्या लोकॅलवरून ठरवतो. लोकॅलच नाही म्हणजे साधं आस्की. आस्कीत देवनागरी नाही. मग ‘गेट बाइट्स’ प्रत्येक अक्षराच्या जागी एक प्रश्नचिन्ह ठेवतं आणि पुढे जातं. एक्सेप्शन नाही, वॉर्निंग नाही. आमच्या लॅपटॉपवर लोकॅल यूटीएफ-८, त्यामुळे तिथे सगळं सुंदर.

आमच्या टेस्टरने स्टेजिंगवर पिग्मीची पावती काढली आणि खातेदाराच्या नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग! पावती तरी पुन्हा छापता येते. पण त्याच कोडमधून रोजची एक फाइल दुसऱ्या सिस्टीमला जाते आणि तिथे नावं साठवली जातात. प्रश्नचिन्हावरून मूळ अक्षर परत काढता येत नाही, माहिती गेलेली असते. रोज शंभर रुपये पिग्मी एजंटच्या हातात देणाऱ्या भाजीवाल्या मावशींचं नाव त्यांच्याच खात्यावरून पुसलं गेलं असतं, आणि आमचा डॅशबोर्ड हिरवाच राहिला असता. उपाय दोन केले: इमेजमध्ये ‘लँग’ लावलं, आणि कोडमध्ये जिथे बाइट्स बनतात तिथे यूटीएफ-८ स्पष्ट लिहिलं. दुसरा जास्त महत्त्वाचा, कारण इमेज उद्या पुन्हा कोणीतरी बदलणार.

तशीच एक तारखेची गंमत. जावा १६ पासून ब्रिटिश इंग्लिश लोकॅलमध्ये सप्टेंबरचं छोटं रूप ‘सेप’ न राहता ‘सेप्ट’ झालं, तीन अक्षरांचं चार. बँकेकडून येणाऱ्या फाइलमध्ये ‘सेप’ असेल आणि तुमचा फॉरमॅटर यूके लोकॅलचा असेल, तर जूनमध्ये केलेलं अपग्रेड १ सप्टेंबरला फुटतं. तेव्हा अपग्रेडची आठवण कोणाला असते? लोकॅल नुसतं इंग्लिश ठेवा, आणि टेस्ट डेटात बारा महिने टाका.

मग हे करायचं कसं? माझं मत, एका उडीत करूच नका. आधी जावा ८ वरच राहून ग्रेडल, लॉम्बॉक आणि लायब्ररी वर न्या. ग्रेडल ७ जावा ८ वर व्यवस्थित चालतं. ते प्रॉडक्शनला जाऊ द्या. मग सर्व्हरवरचा जावा १७ करा, पण कोड अजून ८ साठीच कंपाइल करा. ८ च्या क्लास फाइल १७ वर चालतात. याचा फायदा असा की रात्री दोन वाजता काही बिघडलं तर सर्व्हरवर परत जावा ८ लावून तीच जार चालते. बिल्डमध्ये ६१ केलंत की हा परतीचा रस्ता बंद. म्हणून ते सगळ्यात शेवटी, दोन-तीन आठवडे शांत गेल्यावर.

त्या मधल्या काळात एक सांभाळा. १७ च्या कंपायलरला ‘सोर्स ८, टार्गेट ८’ सांगू नका, ‘रिलीज ८’ सांगा. सोर्स-टार्गेटमध्ये फाइलवर नंबर ५२ चा पडतो, पण आतल्या मेथड १७ च्या पकडल्या जातात. बाइट बफरची ‘फ्लिप’ याचं प्रसिद्ध उदाहरण: जावा ९ मध्ये तिचा रिटर्न टाइप बदलला, आणि अशी जार ८ वर टाकली की ‘नो सच मेथड’. ‘रिलीज’ लिहिलं की कंपायलर खरोखर ८ चीच यादी बघतो.

एस्टिमेट विचारलं तर हे तीन टप्पे तीन वेगळी टिकेटं म्हणून लिहा. पहिल्याला वेळ जास्त मागा, तिसऱ्याला खरंच दोन दिवस पुरतात.

थेट २१ वर जाऊ का, असं काहींनी विचारलंय. हरकत नाही, रस्ता हाच. ग्रेडल ८.५ घ्या, लॉम्बॉक १.१८.३०. जावा १८ पासून डीफॉल्ट यूटीएफ-८ झालंय, त्यामुळे प्रश्नचिन्हांचा त्रास बराच कमी होतो. पण कन्सोलवरचं आउटपुट अजूनही लोकॅल बघतं, म्हणून लॉगमध्ये मराठी नावं छापत असाल तर ‘लँग’ तिथेही लागेल.

तुमच्या जेडेप्समध्ये काही विचित्र ‘नॉट फाउंड’ निघालं तर मला पाठवा, पुढच्या भागात त्यातली दोन-तीन घेऊन बसू.