ईश्वरी तरतूद आणि केडगावची उपासना



'देव पाहून घेईल' हे वाक्य आपण दोन प्रसंगी उच्चारतो. हाती काही उरले नाही तेव्हा, आणि हात हलवण्याची इच्छा नाही तेव्हा. ख्रिस्ती धर्मात जिला ईश्वरी तरतूद म्हणतात, म्हणजे जगाचा सांभाळ देव करतो ही श्रद्धा, ती ह्यांपैकी कोणत्या प्रसंगाची? हा प्रश्न आम्ही पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील केडगावी नेऊन विचारणार आहोत.

पंडिता रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराणे सांगत कुटुंबासह तीर्थोतीर्थी हिंडले. उपास, पूजा, दानधर्म ह्यांत त्यांनी कसूर केली नाही. तरी १८७४ च्या सुमारास दुष्काळाने आईवडील आणि थोरली बहीण ह्यांना एकामागून एक नेले. त्यांच्या भक्तीतच उणेपणा होता असे आम्हांस म्हणवत नाही. रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडात ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पण मृत्यू त्यांच्याही घरी आला. १९२१ साली एकुलती एक कन्या मनोरमा त्यांच्या आधी गेली. भक्ताला भूक आणि मरण गाठत नाही, असा जर तरतुदीचा हिशेब असेल, तर तो दोन्ही घरी चुकतो.

मग तरतूद कोठे दिसते? १८९६-९७ साली मध्यप्रांतात दुष्काळ पडला तेव्हा रमाबाई तेथे गेल्या. उपाशी माणसाचा चेहरा त्यांना कोणी वर्णन करून सांगावा लागत नव्हता. सुमारे तीनशे मुली आणि स्त्रिया त्यांनी आणल्या. पुण्यात प्लेगचा कहर होता, म्हणून केडगावची जमीन त्यांचे घर झाली. पुढे १९०० च्या दुष्काळानंतर ही संख्या दोन हजारांच्या घरात गेली. पैसा बव्हंशी दूरदूरच्या देणगीदारांकडून येई. त्याला रमाबाई देवाची तरतूद म्हणत. पण त्याबरोबर विहिरी होत्या, शेत होते, माग होते, छापखाना होता. सकाळी देवाजवळ भाकर मागणाऱ्या स्त्रियाच नंतर दळायला बसत. १९०५ साली येथे प्रार्थनेला मोठे उधाण आले. तरी कामे सुटली नाहीत.

भुकेल्याला भाकरीबरोबर धर्मही द्यावा काय, हा आक्षेप आपल्याच पुण्याने घेतला होता. १८९३ साली शारदासदनावरून माजलेले वादळ प्रसिद्ध आहे. तो प्रश्न आम्ही हसण्यावारी नेत नाही. ज्याच्या हाती अन्न असते, त्याने तो स्वतःला नेहमी विचारावा. मात्र त्या मुलींना रस्त्यावरून उचलायला त्या वेळी कोण किती गेले, हेही आक्षेप घेणाऱ्याने विचारावे.

अखेरच्या वर्षांत रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक ह्या मूळ भाषांवरून बायबल सोप्या मराठीत आणले. थोडे शिकलेल्या बाईलाही ते वाचता यावे, हा हेतू. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला. त्याची छपाई त्यांच्याच मुक्तिसदनातील छापखान्यात झाली.

म्हणून आम्हांला वाटते, ईश्वरी तरतूद ही हात जोडून बसण्याची सवलत नव्हे. आपल्यावर आलेली भूक दुसऱ्याच्या भुकेकडे जाण्याची वाट ठरावी, ही तरतूद; आणि त्या वाटेने चालण्याचे बळ रोज मागणे, ही उपासना. मुक्तिसदनाचे काम आजही चालू आहे.