पाण्याखालचा बॉइल

(शालान्त परीक्षा १९८४च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला ‘अंदमानच्या समुद्रातील अनुभव’ असा विषय दिला आहे. दहा मिनिटं दिली आहेत. मागच्या बाकावरच्या माणसाला एवढा वेळ या सभागृहात पूर्वी कधी मिळाला नव्हता, तेव्हा तो पूर्ण वापरणार.

आपण सगळे घाटावरचे. माझं पोहणं विहिरीतलं, पाठीला पांगाऱ्याचा बिंडा बांधून शिकलेलं. समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तो आपल्या शाळेच्या सहलीत. त्यामुळे पंचावन्नाव्या वर्षी, फेब्रुवारी २०२३मध्ये मी हॅवलॉकला स्कूबा शिकायला निघालो तेव्हा घरच्यांनी आधी डोकं तपासून घ्या म्हणून सांगितलं. डोकं नाही, पण रक्तदाब तपासून डॉक्टरांची सही आणावी लागली. गोळी चालू असेल तर तिथं ती लागतेच.

हॅवलॉकचं नाव २०१८पासून स्वराज द्वीप आहे, पण होडीवाल्यांच्या तोंडी अजून हॅवलॉकच. तेव्हाच्या पोर्ट ब्लेअरहून बोटीनं दोनेक तास. समुद्र ऑक्टोबर ते मे असा उघडा असतो, त्यातही जानेवारीनंतर पाणी निवळतं आणि चांगल्या दिवशी वीस मीटरवरचा मासा दिसतो. पाणी कोमट, २७-२८ अंश. पण अमावास्या-पौर्णिमेला उधाणाच्या भरतीचा ओढ जोरात असतो. इथं कोकणात सासर असलेल्या मैत्रिणी मान डोलवताहेत, म्हणजे मी बरोबर सांगतोय.

माझा शिक्षक सव्वीस वर्षांचा करेन मुलगा होता. ब्रिटिशांनी १९२५च्या सुमारास ब्रह्मदेशातून करेन लोकांना मायाबंदरजवळ आणून वसवलं, त्यांचा हा वंशज. तो मला ‘अंकल’ म्हणायचा आणि मी त्याला ‘सर’. त्यानं पहिल्याच दिवशी माझा एक गैरसमज काढला. पाठीवरच्या नळकांड्यात ऑक्सिजन नसतो, आपली नेहमीचीच हवा असते, फक्त २०० बार दाबानं कोंबलेली. दुसरी गोष्ट त्यानं बोट उगारून सांगितली : ‘अंकल, श्वास कभी मत रोकना.’

का, ते त्यानं फळ्यावर काढलं. पृष्ठभागावर एक वातावरणाचा दाब. दहा मीटरवर दोन, वीसवर तीन. दाब दुप्पट झाला की हवेचं आकारमान निम्मं. दहा मीटरवर छाती भरून घेतलेली हवा तशीच अडवून वर आलात, तर तिला दुप्पट जागा लागते. फुप्फुसाला ती देता येत नाही, ते फाटतं. आणि गंमत म्हणजे धोका खोलात कमी, वरच्या दहा मीटरमध्ये जास्त, कारण दुप्पट होणं तिथंच होतं.

मी फळ्याकडे बघत होतो आणि मला आपली नववीची प्रयोगशाळा दिसत होती. सर समोर बसले आहेत म्हणून सांगायला भीती वाटते, पण आज सांगून टाकतो. ‘बॉइलचा नियम लिहा व स्पष्ट करा’, पाच गुण. ते उत्तर मी पट्टीच्या मागे लिहून नेलं होतं. सर, तुम्ही माझ्या बाकापाशी थांबला होतात. पट्टी उचललीत, परत ठेवलीत आणि पुढं गेलात. पेपरात पाचपैकी पाच मिळाले. तुम्ही का बोलला नाहीत, हे मला आजवर कळलेलं नाही.

आता चौथ्या दिवसाची गोष्ट. लाइटहाउस नावाच्या जागी आम्ही बारा मीटरवर होतो. पौर्णिमा होऊन एकच दिवस झाला होता, ओढ होता. पुढच्या माणसाचं फिन माझ्या मास्कवर बसलं आणि नाकात खारं पाणी गेलं. मास्कमधलं पाणी नाकानं फुंकून काढायचं हे मी तीन दिवस घोटलं होतं. त्या क्षणी ते सगळं पुसलं गेलं. विहिरीत गटांगळी खाल्लेल्या पोरानं जे केलं असतं तेच मी केलं. श्वास गच्च धरला आणि वर निघालो.

दोनेक मीटर गेलो असेन. जाकिटाला खालून हिसका बसला. त्यानं मला धरून ठेवलं होतं आणि दुसऱ्या हाताची मूठ माझ्या बरगड्यांखाली दाबत होता. फुंक, फुंक. माझ्या तोंडातून बुडबुड्यांचा लोट निघाला आणि मी ओरडतो आहे हे मला तेव्हा कळलं. मग तो डोळ्यांना डोळे भिडवून माझ्यासमोर तरंगत राहिला, हातानं श्वासाची लय दाखवत. पाच मीटरवर तीन मिनिटं थांबून आम्ही वर आलो. होडीत तो एवढंच म्हणाला, ‘अंकल, कल फिर.’ त्या रात्री मी बायकोला फोनवर जेवणात सुरमई होती एवढंच सांगितलं. आज ती दुसऱ्या रांगेत बसून पहिल्यांदा ऐकते आहे. घरी गेल्यावर बघू.

दुसऱ्या दिवशी गेलो. पाय लटपटत होते, पण गेलो, आणि त्या दिवशी पहिल्यांदा प्रवाळ नीट पाहिला. पोपटमासे चोचीनं खडक खरवडतात, त्याचा कुरकुर आवाज पाण्यात ऐकू येतो. खाल्लेल्याची त्यांच्या पोटातून वाळूच पडते. समुद्रफुलात राहणारे नारिंगी मासे सगळे जन्मतः नर, त्यातला सर्वांत मोठा मादी होतो आणि घर चालवतो. आपल्या ‘तानापिहिनिपाजा’ची आठवण झाली ती वेगळ्याच कारणानं. खाली जाताना रंग साधारण त्याच क्रमानं जातात : आधी तांबडा, मग नारिंगी, पिवळा. माझ्या बोटाला खरचटलं होतं, ते रक्त हिरवट दिसत होतं.

उथळ भागात मात्र फांद्यांची पोवळी मेलेली होती, शेवाळ चढलेली. २०१०च्या उन्हाळ्यात अंदमानचं पाणी ३१ अंशांवर गेलं तेव्हा पोवळ्यांनी आपल्या अंगातलं शैवाल बाहेर टाकलं. रंगही त्याचाच आणि अन्नही बहुतेक त्याचंच. ती पांढरी पडली आणि बरीच उपाशी मेली. माझा शिक्षक तेव्हा तेरा वर्षांचा होता. तो त्या पडक्या फांद्यांपाशी थांबला, एका मेलेल्या खोडावर बोटाच्या पेराएवढं नवं पोवळं उगवलं होतं ते दाखवलं, आणि हात लावू नका अशी खूण केली.

घंटा वाजली, म्हणजे दहा मिनिटं संपली. सर, एक विनंती आहे. जेवणानंतर पाच मिनिटं द्या. कोरा कागद आणला आहे, पट्टी आणलेली नाही. प्रश्न तोच घाला.