संकोचाचा उंबरठा
(मकरपुरा येथील महाजन कुटुंबांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



उत्सवाच्या व्यासपीठावरून स्तनाच्या कर्करोगाविषयी बोलणे काहींना अप्रशस्त वाटेल. परंतु ज्याचे नाव उच्चारण्यास आपण कचरतो, त्याच रोगाने घरची गृहिणी केवळ विलंबापायी प्राणास मुकते. म्हणून हे धाडस.

अमेरिकेत काळ्या स्त्रियांना हा रोग गोऱ्या स्त्रियांपेक्षा किंचित कमीच होतो. तरी त्यांच्यातील मृत्यूंचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी अधिक आहे. रोगाच्या प्रकारातील भेद हे त्याचे एक कारण. विम्याचा अभाव व उशिरा होणारे उपचार ही आणखी कारणे. आपल्याकडील भिंती निराळ्या. गाठ दुखत नाही म्हणून ती लपविली जाते. पुरुष डॉक्टरांपुढे संकोच होतो. मुलीच्या सोयरिकीत विघ्न येईल ही धास्ती असते. आणि खर्चाचा निर्णय दुसऱ्याच्या हाती असतो.

हा संकोच जाणूनच आनंदीबाई जोशी यांनी १८८३ साली बंगालमधील श्रीरामपूर येथे स्त्री-डॉक्टरांची निकड प्रतिपादिली. डॉ. रखमाबाईंनी तर आपल्या याच गुजरातेत, सुरत व राजकोट येथे, स्त्रीरुग्णांच्या सेवेत आयुष्य वेचले.

मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून झोपडपट्ट्यांतील ३५ ते ६४ वर्षे वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांपैकी एका गटाची प्रशिक्षित स्त्री-सेविकांनी दर दोन वर्षांनी केवळ हातांनी तपासणी केली. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: त्या गटात रोग लवकर सापडला आणि पन्नाशी गाठलेल्या स्त्रियांतील मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीखालील स्त्रियांत तशी घट दिसली नाही, हेही सांगितले पाहिजे. मोठ्या यंत्रावाचून एवढे साधले, ते स्त्रीजवळ स्त्री गेली म्हणून.

बहुतेक देवस्थानांच्या महाजन-नोंदीत पुरुषांचीच नावे असतात. यास्तव माझी विनंती त्यांनाच आहे. उत्सवाच्या आदल्या दिवशी स्त्री-डॉक्टरांकडून तपासणी ठेवावी. देवळाचे अंगण झाडणाऱ्या व भांडी घासणाऱ्या सेवेकरी स्त्रियांना त्याच रांगेत स्थान द्यावे. गाठ आढळल्यास सोबतीला माणूस व गाडीभाडे समितीने पुरवावे. गोरजचे कैलास कॅन्सर हॉस्पिटल आपल्याच जिल्ह्यात आहे.

देवीची ओटी आपण श्रद्धेने भरतो. घरच्या लक्ष्मीला तिचे दुखणे निःसंकोचपणे सांगता यावे, एवढी सद्बुद्धी आपणा सर्वांस लाभो, हीच श्रीचरणी प्रार्थना.