प्रयोगशाळेतून गावापर्यंत
पारशिवनी येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर





आरोग्य संशोधनात हयात घालविणारी माणसे नेमके काय करतात आणि समाजाला त्याचा काय उपयोग, यावर बोलण्यास आम्हाला सांगण्यात आले आहे. आम्ही वैद्यकीय महाविद्यालयात शिकविणारी व संशोधन करणारी मंडळी. आमच्या क्षेत्रात माणसाची उंची त्याच्या शोधनिबंधांवर मोजली जाते. बढतीच्या वेळी निबंध किती छापले हे विचारतात. त्यामुळे किती लेकरे वाचली, हे सहसा कोणी विचारीत नाही. तो प्रश्न समाजाने विचारावयास हवा, एवढेच सांगण्यासाठी आम्ही येथे उभे आहोत. उदाहरणासाठी दूर जाण्याची गरज नाही. ते आपल्याच रक्तात आहे. ते म्हणजे सिकलसेल.

सिकल म्हणजे विळा. या आजारात रक्तातील तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हातापायांत, पाठीत, छातीत असह्य कळा येतात. पेशी लवकर फुटतात म्हणून रक्त कमी होते, डोळे पिवळे दिसतात. शिकागोच्या डॉ. हेरिक यांनी १९१० साली या पेशींचे पहिले वर्णन छापले. १९४९ साली लायनस पॉलिंग यांनी दोष हिमोग्लोबिनच्या रेणूत असल्याचे दाखविले. भारतात १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत तो आढळला. आणि १९५८ साली नागपूरच्या डॉ. शुक्ला व डॉ. सोळंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेलची माहिती ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध नियतकालिकात छापली.

साल ध्यानात घ्या. १९५६ साली दीक्षाभूमीवर धम्मक्रांती झाली. त्यानंतर दोनच वर्षांनी आपल्या भागातील या आजाराची नोंद जगापुढे गेली. तेव्हापासूनच्या पाहण्यांत विदर्भातील काही समाजांत शंभरामागे दहा ते वीस, कोठे त्याहूनही अधिक वाहक आढळले. त्यांत आपला बौद्ध समाज आहे, गोंड व इतर आदिवासी आहेत, कुणबी व तेली समाजातील कुटुंबेही आहेत.

हा आजार कोणाच्या पापाचे फळ नव्हे, करणी नव्हे, बाहेरची बाधा तर नव्हेच. अ‍ॅलिसन या शास्त्रज्ञाने १९५४ साली आफ्रिकेतील अभ्यासातून दाखविले, की ज्यांच्यात हा गुण एकाच पालकाकडून येतो त्यांना जीवघेण्या मलेरियापासून बरेचसे संरक्षण मिळते. म्हणून जेथे रान आणि मलेरिया, तेथे पिढ्यान्‌पिढ्या हा गुण टिकला. पेंचच्या जंगलाशेजारी राहणाऱ्यांना हे वेगळे समजावून सांगावयास नको.

आता संशोधनाने दिले काय, ते पाहू. जमैकात आयांना आपल्या लेकराची प्लीहा, म्हणजे पानथरी, पोटावर हात ठेवून तपासावयास शिकविले. ती एकाएकी वाढली की आई मुलाला तातडीने दवाखान्यात आणू लागली आणि बालमृत्यू घटले. यात यंत्र नाही, खर्च नाही. आईचा हात आहे. १९८६ साली अमेरिकेतील अभ्यासाने दाखविले, की लहान वयात रोज दोन वेळा पेनिसिलिन दिल्यास न्यूमोकोकस जंतूंचे घातक संसर्ग मोठ्या प्रमाणात टळतात. १९९५ साली हायड्रॉक्सीयुरिया या औषधाने प्रौढ रुग्णांच्या कळांचे झटके जवळपास निम्म्यावर आल्याचे सिद्ध झाले.

परंतु परदेशातील औषध आपल्या मुलांना किती मात्रेत द्यावे, हे येथेच तपासावे लागते. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे आपल्या मेडिकलमध्ये, डॉ. दीप्ती जैन व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम केले. वजनाच्या दर किलोमागे रोज दहा मिलिग्रॅम एवढ्या कमी मात्रेतही मुलांना चांगला गुण येतो, हे त्यांनी दाखविले. भारतातील सिकलसेल सौम्यच असतो, असा एक समज होता. मध्य भारतात तो तीव्र रूपही घेऊ शकतो, हेही नागपूरच्या अभ्यासातून पुढे आले. पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. सुदाम काटे यांनी आपली विद्या आदिवासी पाड्यांपर्यंत नेली. त्यांना २०१९ साली पद्मश्री मिळाली. नागपूरचे संपत रामटेके डॉक्टर नव्हते. पण सिकलसेल सोसायटी ऑफ इंडियाच्या माध्यमातून रुग्णांच्या हक्कांसाठी झटले. २०१८ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री जाहीर झाली. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये सिकलसेलचा समावेश आहे. १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले असून २०४७ पूर्वी हा आजार संपविण्याचे त्याचे उद्दिष्ट आहे.

मग अडते कोठे? बंधूंनो, अडते ते सोयरिकीच्या बैठकीत. मुलाची नोकरी विचारतात, शेती विचारतात, मुलीचे शिक्षण विचारतात. रक्ताचा कागद कोणी विचारीत नाही. आणि घरात कागद असला तर तो ट्रंकेच्या तळाशी ठेवतात, मुलीचे लग्न मोडेल म्हणून.

हिशेब सरळ आहे. ज्याला हा गुण एकाच पालकाकडून मिळाला तो वाहक, म्हणजे ‘एएस’. तो सहसा निरोगी असतो, त्याला औषध लागत नाही. दोघांकडून मिळाला तो रुग्ण, म्हणजे ‘एसएस’. वाहकाने निर्दोष ‘एए’ जोडीदाराशी लग्न केले, तर एकही मूल ‘एसएस’ होत नाही. दोघेही वाहक असले, तर प्रत्येक गर्भारपणी मूल ‘एसएस’ होण्याची शक्यता चारात एक. ही सोडत दर वेळी नव्याने निघते. पहिले मूल आजारी झाले म्हणून पुढची तीन चांगली निपजतील, असे समजू नये. आणि ‘एसएस’ मुलाला हा गुण आई व बाप दोघांकडून मिळालेला असतो. तेव्हा एकट्या सुनेला दोष देणे हे अज्ञान तर आहेच, अन्यायही आहे.

म्हणून काही गोष्टी आजच ठरवू या. लग्नाच्या वयाच्या प्रत्येक मुलामुलीची तपासणी व्हावी. सोल्युबिलिटीची पहिली चाचणी फक्त दोष आहे की नाही एवढेच सांगते. वाहक की रुग्ण, हे कळण्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीची पुढची चाचणी करून घ्यावी. अर्ध्यावर थांबू नये. दोघे वाहक आधीच विवाहित असतील, तर दिवस राहताच डॉक्टरांना सांगावे. पहिल्या तिमाहीत गर्भाची तपासणी करता येते आणि पुढचा निर्णय त्या जोडप्याचा असतो. ‘एसएस’ लेकराला भरपूर पाणी पाजावे, थंडीपासून जपावे, लसी चुकवू नयेत. फॉलिक अ‍ॅसिड, पेनिसिलिन, हायड्रॉक्सीयुरिया डॉक्टरांच्या सल्ल्यानेच द्यावे आणि वेळोवेळी रक्त तपासावे. ताप आला की वाट पाहू नये. नागपूरला जाण्यात दिवसाची मजुरी बुडते हे आम्ही जाणतो. म्हणूनच ही औषधे तालुक्यालाच अखंड मिळावीत, अशी मागणी एकजुटीने करावी.

आणि रक्त घेण्यास गावात येणाऱ्या प्रत्येकाला, त्यात आम्हीही आलो, विचारा : निकाल कधी देणार? मराठीत समजावून कोण सांगणार? नाव गुप्त राहील काय? ज्याचे रक्त घेतले त्याला उत्तर देणे हे संशोधकाचे कर्तव्य आहे, उपकार नव्हे.

शेवटी तरुणांना एक विनंती. बाबासाहेबांनी लंडनमध्ये रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिला, तो १९२३ साली ग्रंथरूपाने निघाला. पण ते तेथे थांबले नाहीत. चलनाच्या शाही आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली. अभ्यास हा लोकांच्या कामी आणावयाचा असतो, हा धडा त्यात आहे. या तालुक्यातील मुलामुलींनी डॉक्टर व्हावे, परिचारिका व्हावे, प्रयोगशाळेत जावे, संशोधन करावे आणि ते घेऊन परत यावे. आपल्या रक्ताविषयीचे पुढचे निबंध आपल्या लेकरांनी लिहावेत, आणि विहारात बसून ते आपल्या आयाबहिणींना समजेल अशा भाषेत सांगावेत.



जयभीम! नमो बुद्धाय!